चायकोव्हस्की, चवीनुसार

सोमवारी सकाळी साडेआठला मी आणि पाचव्या मजल्यावरचे बावाजी सोसायटीच्या फाटकाशी भांडत होतो. भांडण पापलेटावरून नव्हतं, पण पापलेटाची पाटी आम्हा दोघांच्या मधोमध होती, त्यामुळे मावशींचा तसा समज झाला. मावशी वेसावे कोळीवाड्यातल्या. (वर्सोवा हे मेट्रोचं आणि फ्लॅटच्या जाहिरातींचं नाव. मावशींच्या तोंडी गाव अजून वेसावंच आहे.) त्यांनी एका पापलेटाचे कल्ले उघडून लाल रंग दाखवला आणि म्हणाल्या, "ताजा हाय दादा, बरफातला नाय."

"तो पण ताजाच होता," बावाजी गरजले. "बावीस वर्षांचा! तोच तर वांधा हाय!"

"कोन?"

मग सगळं सांगणं आलं. काल संध्याकाळी आम्ही नरिमन पॉइंटला एनसीपीएत पियानो ऐकायला गेलो होतो. वाजवणारा परदेशी, बावीस वर्षांचा, हडकुळा. मागे अख्खा ऑर्केस्ट्रा.

"चुकला काय तो?" मावशींनी विचारलं.

"नाही. एकही सूर चुकला नाही."

"मग अर्ध्यातून उठला?"

"नाही हो. पूर्ण वाजवलं. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते."

"मग भांडता कशाला?"

बावाजी म्हणाले, जोर नव्हता. मी म्हणालो, जोर होता, घाई फार केली. बावाजी म्हणाले, घाई? यारी रोडच्या टीचर तर म्हणतात की रेंगाळला. मावशींनी दोन पापलेटं वेगळी काढली, कोयत्याने पर छाटले आणि म्हणाल्या, "म्हंजे कालवन बरोबर झालाय, पन सासूच्या हातचा नाय. माझ्या सुनेला रोज आयकावा लागते हा."

"कोण बोलतं तिला?"

"कोन म्हंजे? मीच."

मला झोप येत होती. रात्री घरी पोचायला एक वाजला होता. का, ते शेवटी सांगतो.

आमच्या या मंडळात पाच जण आहेत. बावाजींचा पाश्चात्त्य संगीतावर वंशपरंपरागत हक्क आहे. मेहली मेहतांनी १९३५ साली मुंबईत सिम्फनी ऑर्केस्ट्रा काढला, त्याच्या पुढल्याच वर्षी त्यांना झुबिन झाला, आणि तेव्हापासून झुबिन मेहतांशी निदान लांबून तरी नातं न सांगणारा पारशी मला भेटलेला नाही. दुसऱ्या टीचर. या ईस्ट इंडियन, घरची बोली मराठीच, त्यामुळे वाद घालायला भाषेची अडचण नाही. यारी रोडवर समुद्राकडे खिडकी असलेल्या दोन खोल्यांत त्या पियानो शिकवतात. खाऱ्या हवेने तारा गंजू नयेत आणि पट्ट्या फुगून अडकू नयेत म्हणून त्यांच्या पियानोच्या पोटात पावसाळाभर एक बारका बल्ब जळत असतो. जुलैत त्यांच्याकडे गेलं तर फटींतून पिवळा उजेड येत असतो आणि डांबराच्या गोळ्यांचा वास. वर टीचरचा आवाज, "मनगट! मनगट!" त्या मुलांना लंडनच्या ग्रेडच्या परीक्षांना बसवतात, म्हणून जगातल्या कुठल्याही पियानोवादकाला त्या दीडशेपैकी मार्क देतात.

तिसरा दुसऱ्या मजल्यावरचा भाडेकरू. आरामनगरात रोज ऑडिशनला जातो. त्याला सुरातलं कळत नाही, पण चेहऱ्यातलं कळतं. चौथे माझे मेहुणे. कोथरूडहून दोन दिवस आले होते. सवाई गंधर्व महोत्सवाला ते इतकी वर्षं जातात की मंडपातली त्यांची खुर्ची आता वारसाहक्काने मुलाला जाईल. आणि पाचवा मी. मला पेटी वाजवता येते, म्हणजे एका हाताने. दुसरा हात भाता मारतो. दोन्ही हातांनी वाजवणाऱ्या माणसाबद्दल मत द्यायचा मला काय अधिकार, असा प्रश्न टीचरनी पूर्वी एकदा विचारला होता. त्याचं उत्तर मी अजून शोधतोय.

कार्यक्रमात चायकोव्हस्कीचा पहिला पियानो कॉन्चेर्टो होता. ("कन्सर्टो नाही, कॉन्चेर्टो," टीचर मेट्रोत चढताचढता म्हणाल्या. म्हणजे कन्सर्टला जायचं आणि कॉन्चेर्टो ऐकायचा.) हे प्रकरण सुरू होतं ते चार हॉर्नच्या ललकारीने. मग व्हायोलिनं एक भलीथोरली, छाती भरून येईल अशी चाल धरतात आणि पियानो तिच्यावर खर्जापासून तारसप्तकापर्यंत दणादण कॉर्ड टाकत जातो. जगातल्या ज्या माणसाला पियानोतलं काही कळत नाही त्यालाही ही तीन-चार मिनिटं ओळखीची वाटतात. गंमत अशी, की ही चाल तेवढ्यात दोनदा येते आणि उरलेल्या अर्ध्या तासात पुन्हा तोंड दाखवत नाही. लग्नात सगळ्यात मोठा आहेर देऊन जेवायच्या आतच गाडीत बसून निघून जाणारे एक नातेवाईक असतात, तसं.

मेहुण्यांना हे कोणी सांगितलेलं नव्हतं. ते मुखडा परत येईल म्हणून थांबले होते. मांडीवर हाताने ताल धरून, मान किंचित तिरपी करून, समेची वाट बघत तो गृहस्थ पस्तीस मिनिटं बसून राहिला. "अरे, मुखडा सोडून हा माणूस गेला कुठे?" असं त्यांनी मला दोनदा कानात विचारलं. दुसऱ्या भागात बासरी आली, खाली तंतुवाद्यं नुसती बोटांनी छेडलेली, आणि पियानोने तीच ओळ हळूच उचलली, तेव्हा त्यांना राहवलं नाही. "वा!" एनसीपीएचं जमशेद भाभा थिएटर ११०९ खुर्च्यांचं आहे आणि त्याची ध्वनियोजना उत्तम आहे. सगळ्या खुर्च्यांना "वा" ऐकू गेलं. पुढच्या रांगेतल्या बाईंनी वळून पाहिलं. टीचरनी डोळे मिटून घेतले. पहिल्या भागानंतर अर्ध्या हॉलने टाळ्या वाजवल्या तेव्हाही त्यांनी असेच मिटले होते. दोन भागांच्या मधे टाळ्या वाजवायच्या नसतात, खोकला असेल तर तेवढ्यात खोकून घ्यायचं असतं.

"दाद द्यायची नाही, तर त्या पोराला कळणार कसं की जमलं?" मेहुणे मध्यंतरात म्हणाले.

प्रश्न रास्त होता. शिवाय इतिहास मेहुण्यांच्या बाजूचा निघाला. हा कॉन्चेर्टो पहिल्यांदा वाजला तो रशियात नाही, अमेरिकेत, बॉस्टनला, २५ ऑक्टोबर १८७५ रोजी, आणि तिथल्या रसिकांनी शेवटचा भाग पुन्हा वाजवायला लावला. वन्स मोअर! बालगंधर्वांच्या प्रेक्षकांहून फार वेगळी मंडळी नव्हती ती. ही गप्प बसायची सोवळी पद्धत मागाहून आली, आणि आपल्याकडे येऊन जास्त कडक झाली.

मध्यंतरानंतर एक अख्खी सिम्फनी झाली. ती कोणाची होती हे आमच्यापैकी कोणालाच सांगता येणार नाही, कारण सगळे मनातल्या मनात मुद्दे काढत होते.

बाहेर पडल्यावर मी सुचवलं की विधानभवन स्टेशनवरून भुयारी मेट्रो घेऊ, मरोळ नाक्याला बदलू, गार हवेत वर्सोव्याला जाऊ. बावाजी जागेवरच थांबले. "डिकरा, आमच्यात जमिनीच्या खाली जायची पद्धत नाय," ते म्हणाले. "आमचा सगळा वरच्या वर." यावर काय बोलणार? चर्चगेटपर्यंत चालत गेलो आणि बोरीवली फास्ट पकडली. रविवार रात्र, डबा जवळजवळ रिकामा. समोरासमोरची बाकं मिळाली आणि कोर्ट भरलं.

पहिला आरोप बावाजींचा. सुरुवातीचे कॉर्ड त्या पोराने ठोकले नाहीत, नुसते ठेवले. काही तर वीणेसारखे खालून वर सोडवून वाजवले. "चायकोव्हस्की म्हणजे तोफ! हा काय अगरबत्ती लावते?"

टीचर म्हणाल्या, त्यात काही गैर नाही. चायकोव्हस्कीने पहिल्यांदा लिहिलं तेव्हा ते कॉर्ड असेच सोडवून वाजवायचे होते. तोफा नंतरच्या आवृत्तीत आल्या. म्हणजे बावाजी ज्याला अस्सल म्हणतात तीच सुधारून वाढवलेली आवृत्ती. बावाजींचा चेहरा बघण्यासारखा झाला. आपलं जन्मगाव दुसरंच आहे असं कळलेल्या माणसाचा होईल तसा.

या आवृत्त्यांची कथा मला आवडते. १८७४च्या नाताळच्या आदल्या संध्याकाळी चौतीस वर्षांच्या चायकोव्हस्कीने हा कॉन्चेर्टो मॉस्कोत निकोलाय रुबिनस्टाईनला वाजवून दाखवला. रुबिनस्टाईन म्हणजे त्याचा साहेब, मित्र आणि नामांकित पियानोवादक. पहिला भाग झाला, साहेब गप्प. सगळं संपलं, तरी गप्प. मग जो तोंडाचा पट्टा सुटला तो थांबेना. भिकार आहे, वाजवता येण्यासारखं नाही, दोनचार पानं ठेवून बाकी फेकून दे. चायकोव्हस्कीने सांगितलं, एक सूर बदलणार नाही. अर्पणपत्रिका फिरवली, कॉन्चेर्टो हान्स फॉन ब्यूलोच्या नावे केला आणि ब्यूलोने तो बॉस्टनला वाजवला. पुढे वर्षभराच्या आत रुबिनस्टाईनचं मत बदललं आणि मॉस्कोत त्याने स्वतः तो चालवला. आणि एक सूर न बदलणाऱ्या चायकोव्हस्कीने? त्याने नंतर दोनदा बदल केले. थोडक्यात, या चिजेच्या बाबतीत पहिल्या ऐकणाऱ्यापासूनच लोक चुकत आले आहेत. आम्हीच बरोबर का ऐकावं?

मेहुण्यांना एक गोष्ट समजत नव्हती. "आमच्यात एक अक्षर लिहिलेलं नसतं, तरी लोक म्हणतात असा मारवा गात नाहीत. तुमच्यात तर सूर न् सूर छापलेला. मग वादाला जागा राहिली कुठे?"

जागा भरपूर आहे. पहिल्या भागाच्या डोक्यावर चायकोव्हस्कीने इटालियनमध्ये लिहून ठेवलंय: आलेग्रो नॉन त्रोप्पो ए मोल्तो माएस्तोसो. म्हणजे जलद, पण फार नको, आणि चांगलं भारदस्त. आता "फार नको" म्हणजे किती? वाटी-चमच्याची सगळी मापं देऊन झाली की पाककृतीत शेवटी "मीठ चवीनुसार" येतं आणि तिथून पुढे ज्याचं त्याचं नशीब, त्यातली गत. दुसऱ्या भागावर लिहिलंय "साधेपणाने". तिसऱ्यावर "अग्नीसह". सगळ्या जगाचे पियानोवादक दीडशे वर्षं या मिठाच्या चिमटीवरून जगतायत, आणि ऐकणारे भांडतायत. शिवाय रुबातो नावाची एक सोय आहे. रुबातो म्हणजे चोरलेला वेळ. इथे थोडं रेंगाळायचं, पुढे धावून भरून काढायचं. ऑफिसला जाणाऱ्या मुंबईकराला हे समजावून सांगावं लागत नाही.

"चोरला ना, पण परत नाही केला," टीचर म्हणाल्या. "मधल्या भागात नुसता रेंगाळला. एकशे अठरा मार्क." मेरिटला एकशे वीस लागतात. दोन मार्कांनी हुकलं बिचाऱ्याचं.

"चेहरा पण जरा जास्तच देत होता," आरामनगर म्हणाला. "डोळे वर, ओठ चावतोय... कॅमेरा इतका जवळ नसतो तेव्हा एवढं लागत नाही." मग त्याने फोनवर दक्षिण कोरियाच्या युनचान लिमचा व्हिडिओ लावला. हा मुलगा २०२२ साली अठराव्या वर्षी अमेरिकेतली व्हॅन क्लायबर्न स्पर्धा जिंकला. अंतिम फेरीत रख्मानिनोव्हचा तिसरा कॉन्चेर्टो वाजवला आणि संपल्यावर संचालिका मरिन ऑल्सप डोळे टिपताना दिसतात. "हे बघा. हा काही करत नाही, रडते ती. याला म्हणतात अंडरप्ले."

व्हॅन क्लायबर्न हे नाव निघायला नको होतं. बावाजी ताठ बसले. त्यांच्या वडिलांनी आणलेली क्लायबर्नची एलपी अजून त्यांच्या घरी आहे. १९५८ साली, ऐन शीतयुद्धात, हा टेक्सासचा उंचाडा मॉस्कोला जाऊन रशियनांच्याच चायकोव्हस्की स्पर्धेत रशियनांचाच चायकोव्हस्की वाजवून पहिला आला. त्या रेकॉर्डच्या दहा लाखांवर प्रती खपल्या. "तो ऐका. मग मला सांगा ताकद म्हणजे काय, मॅच्युरिटी म्हणजे काय. आजची ही पोरं..."

"क्लायबर्न तेव्हा किती वर्षांचा होता?" मी विचारलं.

बावाजी खिडकीबाहेर बघायला लागले. माहीम आलं होतं.

"तेवीस," टीचर म्हणाल्या, विजयी मुद्रेने. टीचरची निष्ठा मार्था आर्गेरिचवर. १९८०मधलं म्युनिकचं ध्वनिमुद्रण, पेटलेल्या गवतासारखं. त्याच वर्षी वॉर्साच्या शोपॅं स्पर्धेत ईव्हो पोगोरेलिच या चक्रम तरुणाला अंतिम फेरीआधीच गाळलं म्हणून आर्गेरिचबाई परीक्षक मंडळातून उठून गेल्या. टीचर ही गोष्ट दर वर्षी विद्यार्थ्यांना डोळ्यांत पाणी आणून सांगतात. आणि इथे एकशे अठरा देतात.

मी सहज म्हणालो, की बावाजींच्या क्लायबर्नमागे ऑर्केस्ट्रा चालवणारा किरिल कोंड्राशिन, आणि टीचरच्या आर्गेरिचमागेही तोच कोंड्राशिन. वऱ्हाड एकाच घरचं, भांडण नुसतं नवरदेवावरून. दोघांनी माझ्याकडे असं पाहिलं, की इतक्या वर्षांत प्रथमच त्यांचं एकमत झालं.

सासू-सुनेचा विषय निघालाच आहे, तर १९६२चा प्रसंग सांगायला हवा. न्यूयॉर्कला ग्लेन गूल्ड हा पियानोवादक ब्राम्सचा कॉन्चेर्टो अतिसंथ लयीत वाजवणार होता. संचालक लेनर्ड बर्नस्टाईन. वाजवण्याआधी बर्नस्टाईननी श्रोत्यांना तोंड करून सांगितलं, की हे जे आता ऐकाल ते मला पटलेलं नाही, पण गूल्ड मोठे कलावंत आहेत, म्हणून साथ करतोय. पानं मांडली आहेत, पाहुणे बसलेत, आणि सासूबाई बाहेर येऊन म्हणतायत, आजची आमटी सुनेने केलीय, मला पसंत नाही, पण वाढते.

आता माझं. मी म्हणत होतो की पोराने घाई केली. एकदा सगळ्यांनी मिळून मला विचारलं, कशाच्या तुलनेत? तेव्हा कबूल करावं लागलं. कॉलेजात असताना फोर्टातल्या फुटपाथवर मी या कॉन्चेर्टोची कॅसेट घेतली होती. वरचा कागद गायब, वाजवणारा कोण ते आजतागायत माहीत नाही. आमच्या टेपरेकॉर्डरचा पट्टा सैल झालेला होता, त्यामुळे सगळं जरा सावकाश आणि जवळजवळ अर्धा सूर उतरून वाजायचं. पहिल्या भागाच्या शेवटाला अगदी रंगात आलं असताना ए बाजू संपायची. खट्. उठायचं, कॅसेट उलटायची, पुढे चालू. दहा वर्षं मी तो कॉन्चेर्टो तसा ऐकला. अजूनही हॉलमध्ये ती जागा जवळ आली की माझा उजवा हात उचलला जातो, आणि खट् होत नाही. तेवढ्यात काहीतरी चुकल्यासारखं वाटतं. माझं घराणं सैल पट्ट्याचं. पण बावाजींचं तरी काय, आणि टीचरचं? ज्याने पहिल्यांदा कानात शिरून घर केलं, तो मूळ पुरुष. त्यानंतरचे सगळे घरजावई.

"पण ती पहिल्या भागातली लगबगीची चाल तरी त्याने खेड्यातल्यासारखी वाजवायला हवी होती," टीचर सावरून म्हणाल्या. "ती चायकोव्हस्कीची नाहीच. युक्रेनमध्ये कामेंकाच्या जत्रेत आंधळे भिकारी गात बसायचे, त्यांच्याकडून उचलली. त्यात एक रखरखीतपणा हवा. या मुलाने ती किती गुळगुळीत केली!"

"असेल," मेहुणे म्हणाले, "पण रख..."

वांद्र्याला डब्यात एक जण चढला. गळ्यात छोटा स्पीकर, हातात माइक, दुसऱ्या हाताने दांडा चाचपत. डोळे मिटलेले. रफीचं जुनं गाणं, मागे कराओकेचं संगीत. टीचर म्हणाल्या, "अहो, जरा हळू, आम्ही बोलतोय." बावाजींनी न बघता खिशातून दहाची नोट काढली. तो अंतऱ्यावर आला आणि रफी जिथे वर चढून जातो तिथे हा चढला नाही, खालीच वळला, एक छोटी मुरकी घेतली आणि अलगद मुखड्यावर उतरला.

"वा!" मेहुणे ओरडले. संध्याकाळभराचा साठा होता तो. गाणारा थांबला, आवाजाच्या दिशेने वाकला आणि अंतरा पुन्हा घेतला.

"मूळ गाण्यात ही जागा अशी नाही," मी म्हणालो.

"पट्टी बघा, उतरलाय," टीचर.

"रफी इथे श्वास घेत नाय," बावाजी. "माझ्याकडे रेकॉर्ड हाय."

"श्वासाचं सोडा, वळण बघा की!" मेहुणे उसळले. "तयारीचा माणूस आहे हा! मुद्दाम खाली ठेवलंय त्याने!"

"वर जाता येत नाही म्हणून ठेवलंय," आरामनगर म्हणाला. "पण काय सहज! बघा, चेहऱ्यावर काही नाही."

मग कोणी काय बोललं ते सांगता येणार नाही, कारण पाचही जण एकदम बोलत होते. गाणारा मधल्या दांड्याला पाठ टेकवून, स्पीकर बंद करून, शांत उभा होता. जरा उसंत मिळाली तसा म्हणाला,

"साहेब, तुम्हाला अंधेरीला उतरायचं होतं ना? ती गेली. आता बोरीवलीच."